कोकणातल्या लँडिंगवर सिरीज लिहायची तर पहिला एपिसोड कसा असावा?

तू पाठवलेला पहिल्या एपिसोडचा ड्राफ्ट दोनदा वाचला. वर्ष १९७८, श्रीवर्धन-बाणकोट पट्टा, पौर्णिमेची रात्र, पांढऱ्या सुटातला डॉन पुळणीवर उभा, समोरून होडी येते, मग कस्टमवाल्यांची धाड, गोळीबार, आणि या सगळ्यावर हिरोचा व्हॉइसओव्हर की आमचं गाव शांत होतं वगैरे. आणि खाली तुझा प्रश्न: ताई, प्रोड्युसर म्हणतो पहिली दहा मिनिटं कडक आहेत पण पुढे एपिसोड बसतो, नक्की चुकतंय कुठे?

ताई म्हणालास म्हणून अरेतुरेच करते, राग मानू नको. मी बरीच वर्षं मालिका आणि आता सिरीज लिहिते, त्यातला मोठा भाग क्राइमचा, आणि माहेर दापोली तालुक्यातलं, त्यामुळे हे लँडिंग प्रकरण, म्हणजे रात्री चोरटा माल किनाऱ्यावर उतरवणं, लहानपणापासून कानावर आहे. थोडं लांबेल, चहा घेऊन बस.

एपिसोड बसतो कारण तुझ्या पहिल्या दहा मिनिटांत गुन्हा आहे पण धंदा नाही. गोळी सुटली, माणूस पडला, बरं मग? कोणाचं किती नुकसान झालं, माल कोणाचा, तो पुढे कुठे जाणार होता, वाहून नेणाऱ्याला काय मिळणार होतं, गावातला पोस्टमास्तर गप्प का, यातलं काहीच आपल्याला माहीत नाही, त्यामुळे अकराव्या मिनिटाला तुला हे सगळं पात्रांच्या तोंडून समजावत बसावं लागतं आणि तिथेच एपिसोड खाली बसतो. संघटित गुन्हेगारीच्या मालिकेत पहिला एपिसोड हा मजुरीवर उभा करावा असं माझं अनेक वर्षांचं मत आहे. पैसा कुठून निघतो, कोणाच्या हातातून जातो, शेवटच्या माणसाला किती मिळतो आणि तो वेळेवर मिळाला नाही तर काय होतं. डॉन नंतर येऊ दे, त्याला घाई नाही.

आधी तुझ्या पौर्णिमेचं बघू, कारण ते वाचून मला हसूच आलं. लँडिंग कोण करेल रे पौर्णिमेला? टिपूर चांदण्यात अख्खी पुळण दिसते, टेकडीवर गुरं राखणारा पोरगासुद्धा होडी मोजून सांगेल. अमावास्या हवी. आणि नुसता अंधार म्हणून नाही, भरतीसाठी. आपल्याकडच्या कुठल्याही तांडेलाला, होडीच्या म्होरक्याला, विचार, तो तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ सांगेल. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. अमावास्या म्हणजे पंधरा, पाऊणने सव्वाअकरा, म्हणजे मध्यरात्रीच्या जरा आधी पूर्ण भरती, आणि तीही उधाणाची, म्हणजे मोठी, भांगाची छोटी नाही. (जागेप्रमाणे थोडं मागेपुढे होतं पण हिशेब हाच.) आता बघ काय झालं, मिट्ट काळोख आणि भरपूर पाणी एकाच वेळी मिळालं. खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली असते, ओहोटीला तिथून भरलेला मचवा आत येऊच शकत नाही, भरतीला येतो, पण पाणी उतरायला लागायच्या आत त्याला बाहेर पडावं लागतं नाहीतर रुतला तिथेच, आणि सकाळी सगळ्या गावासमोर आडवा.

म्हणजे तुला सस्पेन्ससाठी पिस्तूल लागतच नाही. पाणी उतरायला लागलंय आणि अजून निम्मा माल होडीत आहे, हे प्रेक्षकाला एकदा कळलं की तो आपोआप पुढे सरकून बसतो. आणि गंमत म्हणजे तो मनातल्या मनात म्हणायला लागतो, अरे उचला लवकर. तस्करी यशस्वी व्हावी असं त्याला वाटायला लागतं. हे पहिल्या एपिसोडचं सगळ्यात मोठं काम. प्रेक्षक एकदा कटात सामील झाला की पुढचे आठ भाग तो सुटत नाही.

आता माल. तुझ्या ड्राफ्टमध्ये "पेट्या" आहेत. कसल्या पेट्या? सोनं पेट्यांतून हातात देत नव्हते. दहा तोळ्याचं बिस्किट, ११६.६४ ग्रॅमचं, आणि कॅनव्हासचं जाकीट, त्याला आतून छोटे छोटे कप्पे शिवलेले. एका जाकिटात शंभर बिस्किटं धरली तर साडेअकरा किलोच्या वर वजन होतं. ते सदऱ्याखाली घालून माणूस ओल्या वाळूत चालतो. बघ हं, इथे कॅमेरा जवळ ने. पहिल्यांदा जाकीट घालणारा एक पोरगा, वीसेक वर्षांचा, सवयीने दोन्ही हात पुढे करून उभा राहतो, त्याला वाटतं डोक्यावर काहीतरी देतील, टोपली, पोतं, आयुष्यभर त्याने तेच उचललंय. आणि तो दुसरा माणूस त्याला म्हणतो, हात वर कर. शिंपी माप घेतो तसे हात वर, जाकीट चढतं, मागून दोऱ्या आवळल्या जातात, पोराचा श्वास अडकतो. मग तो पहिलं पाऊल टाकतो आणि पाय घोट्यापर्यंत आत. डोक्यावरच्या ओझ्याने माणूस ताठ चालतो, छातीवरच्या ओझ्याने पुढे झुकतो. त्याला चालायला नव्याने शिकावं लागतं, तेही अंधारात, आणि बाजूने कोणीतरी दबक्या आवाजात शिव्या घालतंय. हा सीन दोन मिनिटांचा लिही, संवाद चारच ओळी. तुझ्या आख्ख्या गोळीबारापेक्षा हा लक्षात राहील, लिहून देते.

चांदी दाखवायची असेल तर वेगळं शरीर लागतं. चांदीची वीट साधारण तीस किलोची, गोणपाटात गुंडाळलेली, कमरेइतक्या पाण्यातून खांद्यावरून न्यायची. आणि दिशा नीट ठेव: साठ-सत्तरच्या दशकात मुख्यतः सोनं यायचं आणि चांदी जायची, नंतर नंतर चांदीही बाहेरून यायला लागली. १९७८ मध्ये तुझा गडी चांदीची वीट घेऊन पाण्यात उतरत असेल तर तो होडीकडे चाललेला बरा.

आता हे सगळं होतंच का होतं? पहिल्या एपिसोडला हे उत्तर द्यावं लागतं, आणि भाषण न करता. दुबईत सोनं विकत घेणं हा काही गुन्हा नव्हता, तिथे पावतीवर मिळायचं. गुन्हा सुरू व्हायचा तो आपल्या हद्दीत शिरल्यावर. १९६२-६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं, चौदा कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी (ती १९६६ ला उठली), मग १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा. आता आपल्याकडे लग्न म्हटलं की सोनं आलंच, कायदा असो नसो. मागणी जागेवर आणि कायदेशीर आयात बंद, त्यामुळे दुबईचा दर आणि झवेरी बाजाराचा दर यात जो फरक पडला त्यावर हा अख्खा किनारा काही वर्षं जगला. हे दाखवायला तुला अर्थमंत्री नको. गावातला सोनार पुरे. कायद्याच्या नोंदी-परवान्यांनी त्याचं काम आटलंय, आणि त्याच्याकडे मुलीच्या लग्नासाठी बिनपावतीचं सोनं मिळेल का असं हळूच विचारायला येणारी बाई ही सकाळी फौजदाराची बायको म्हणून आपण पाहिलेली आहे. झालं, दीड मिनिटात अर्थशास्त्र संपलं.

बाहेरचं एक उदाहरण देते कारण ते तुझ्या विषयाला थेट लागू आहे. बोर्डवॉक एम्पायर, २०१० ची अमेरिकन मालिका, तिचा पहिला भाग मार्टिन स्कोर्सेसीने दिग्दर्शित केलाय. सुरुवात बघ: रात्रीचा समुद्र, दारूची खोकी उतरतायत. म्हणजे चक्क लँडिंगच. पण खरी कळ पुढे आहे. त्यांनी कथा सुरू करायला दिवस कोणता निवडला, तर अमेरिकेत दारूबंदी लागू व्हायची रात्र, जानेवारी १९२०. अटलांटिक सिटीचा खजिनदार दारूबंदीवाल्या बायकांच्या सभेत गोड भाषण करतो आणि तिथून उठून दारूचा धंदा वाटून घ्यायला जातो, आणि मध्यरात्री बाराच्या ठोक्याला क्लबात लोक नाचतायत. कायदा आला आणि त्याच क्षणी धंदा जन्माला आला, हे त्यांना कोणाच्या तोंडून सांगावं लागलं नाही.

तुझ्याकडेही असा दिवस आहे रे, आणि तू तो वापरलेलाच नाहीस! १६ जानेवारी १९७८. मोरारजींच्याच जनता सरकारने एक हजार, पाच हजार आणि दहा हजारच्या नोटा रद्द केल्या. सकाळी रेडिओच्या बातम्यांत जाहीर झालं, दुसऱ्या दिवशी बँका बंद, आणि नोटा बदलायला १९ तारखेपर्यंतची मुदत. तुझं वर्षही तेच आहे. म्हणजे तू अनायासे योग्य वर्षात येऊन बसलायस आणि पौर्णिमेच्या चांदण्यात गोळ्या झाडतोयस.

आता पंचांग उघड. त्या महिन्यात अमावास्या ९ जानेवारीच्या आसपास आणि पुढची ७ फेब्रुवारीच्या आसपास. म्हणजे नोटा रद्द झाल्या तेव्हा साधारण अष्टमी. मी असा विचार करीन: एपिसोड सुरू होतो जानेवारीच्या अमावास्येला. लँडिंग नीट पार पडतं, गोळी नाही, धाड नाही, माल चढला, ट्रक गेला, लोकांना सांगितलं मजुरी आठवड्याने. हे असंच असायचं, माल मुंबईत पोचून हिशेब झाल्याशिवाय पैसे कुठून येणार. आणि आठवड्याने रेडिओ बोलतो. मुंबईच्या शेटकडचा पैसा कशात आहे, तर त्याच हजाराच्या नोटांत. आता गावातल्या चाळीस गड्यांची मजुरी अडकली. त्यांनी आयुष्यात हजाराची नोट पाहिलेली नाही, ती बंद झाली काय आणि चालू राहिली काय, त्यांना बातमीचा अर्थच लागत नाही, ते पोस्टासमोर बसून चर्चा करतात की ही नोट दिसायला कशी असते. मग शेटचा माणूस एसटीने येतो, पिशवीत नोटांची बंडलं, आणि म्हणतो मजुरी यातच घ्या. नाहीतर म्हणतो तुमच्यातल्या कोणीतरी शाळामास्तराला, बागायतदाराला पटवा, त्याच्या नावावर बँकेत भरू. तीन दिवस आहेत.

इथून पुढे तुला काही शोधावं लागणार नाही, सीन आपणहून येतील. मास्तर काय करतो? बागायतदाराकडे खरंच थोड्या अशा नोटा आहेत का, आणि त्या कुठून आल्या? आणि सगळ्यात महत्त्वाचं, फेब्रुवारीच्या अमावास्येला पुढचा माल येणार आहे, गलबत निघालेलं आहे दुबईहून, ते परत फिरवता येत नाही, आणि गडी म्हणतात मागचे पैसे दिल्याशिवाय पाण्यात पाय ठेवणार नाही. हा संप आहे. तस्करीतला संप! तेव्हा मधे उभा राहून जो माणूस गड्यांना पैसे मिळवून देतो, कसे ते तू ठरव, जमीन गहाण टाकून, बायकोचं डोरलं विकून, नाहीतर शेटच्या माणसाचा हात पिरगळून, तोच पुढे तुझा डॉन. त्याला पांढरा सूट घालायची गरज नाही, तो एपिसोडच्या शेवटी लुंगीवर असला तरी चालेल. गावाने त्याला निवडलंय कारण त्याने मजुरी चुकती केली. या पायावर आठ भाग सहज उभे राहतात, कारण हळूहळू तोच मजुरी अडवणारा होणार आहे हे प्रेक्षकाला आधीच कुठेतरी जाणवतं.

वरच्या पातळीवरसुद्धा १९७८ हे पोकळीचं वर्ष आहे. १९७४ मध्ये कॉफेपोसा, म्हणजे तस्करांना खटल्याशिवाय स्थानबद्ध करता येणारा कायदा, आला, आणीबाणीत मोठमोठे तस्कर आत गेले, १९७७ ला सुटले, आणि हाजी मस्तान वगैरे मंडळींनी जयप्रकाश नारायण यांच्यासमोर तस्करी सोडायची शपथ घेतली. म्हणजे जुने गडी निदान जाहीरपणे तरी बाजूला, नवीन अजून तयार नाहीत. कोस्ट गार्ड नुकतंच १९७७ ला सुरू झालंय, दोन जुन्या फ्रिगेट आणि पाच गस्ती नौका, एवढ्यात सगळा किनारा. त्यांचा कायदा ऑगस्ट १९७८ चा. हे सगळं पहिल्याच भागात कोंबू नको हां. एक वाक्य पुरे, नाक्यावरच्या सलूनमध्ये दाढी करताना कोणीतरी म्हणेल की मोठे लोक आता साधू झाले.

व्हॉइसओव्हर. मला तो मुळात नको असतो असं नाही, पण तुझा व्हॉइसओव्हर चित्रात जे दिसतंय तेच सांगतो. द सोप्रानोजचा पहिला भाग (जानेवारी १९९९) बघितला असशील. न्यू जर्सीतला माफिया पॅनिक अटॅक आला म्हणून मानसोपचारतज्ज्ञ बाईंसमोर बसलाय आणि दिवस कसा गेला ते सांगतोय. तो म्हणतो त्या माणसाबरोबर कॉफी घेतली, आणि पडद्यावर आपल्याला दिसतं की गाडी अंगावर घालून त्या कर्जदाराला तुडवतायत. आवाज खोटं बोलतो आणि चित्र खरं सांगतं, त्यामुळे तो माणूस पहिल्या वीस मिनिटांत आपल्याला आरपार कळतो. तुला व्हॉइसओव्हर ठेवायचाच असेल तर तो गड्याने मुंबईत गिरणीत असलेल्या भावाला लिहिलेल्या पत्राचा कर. पत्रात सगळं बरंय, आईची तब्येत, शिमग्याला ये, रात्रीची मासेमारी चांगली चाललीये. आणि चित्रात जाकीट.

पोलीस आणि कस्टम. इथे माझा तुझ्याशी सरळ वाद आहे. तू त्यांना एकतर शूर दाखवलंयस नाहीतर शेवटी एक गद्दार. प्रत्यक्षात हे नातं व्यवहाराचं असतं आणि तेच भीतीदायक आहे. याचं सगळ्यात भयंकर उदाहरण आपल्याच किनाऱ्यावरचं आहे आणि ते कोर्टाच्या निकालात नोंदलेलं आहे. ९ जानेवारी १९९३, दिघीला शस्त्रं उतरली. माल घेऊन निघालेले ट्रक गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवले. लाचेचा सौदा झाला. पुरेशी रोकड नव्हती, म्हणून चांदीच्या विटा तारण म्हणून ठेवून घेतल्या आणि ट्रक सोडले. पुढे फेब्रुवारीत शेखाडीला आरडीएक्स उतरलं, १२ मार्चला मुंबईत स्फोट, २५७ माणसं गेली. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या कोर्टाने यात पोलीस आणि कस्टममधल्या लोकांनाही दोषी धरलं.

तो फाट्यावरचा सीन डोळ्यासमोर आण. थंडीची रात्र, हायवे नाही, आतला रस्ता, ट्रकचं इंजिन चालू आणि दोन्ही बाजू रकमेवर घासाघीस करतायत. अडवणाऱ्याला कर्तव्य आठवत नाही आणि देणाऱ्याला भीती वाटत नाही, दोघांनाही फक्त एवढाच प्रश्न पडलाय की उरलेल्या रकमेची हमी काय. हे इतकं सहज होऊ शकलं कारण त्याआधीची कितीतरी वर्षं असेच ट्रक असेच सुटले होते. तू १९७८ ची गोष्ट लिहितोयस, प्रेक्षकाला १९९३ माहीत आहे. पहिल्या एपिसोडमध्ये एक हवालदार एका ट्रककडे पाठ फिरवून बिडी पेटवतो, बास, कोकणातल्या माणसाच्या पोटात गोळा येईल. (बिडीवरून आठवलं, सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीवरही तंबाखूच्या सीनला खाली इशारा द्यावा लागतो, तो फ्रेमच्या तळाशी येणार, तेव्हा त्या शॉटमध्ये महत्त्वाचं काही खाली ठेवू नका असं डिरेक्टरला सांग.)

मात्र तारखांची गल्लत करू नको. सोन्याचं लँडिंग आणि आरडीएक्सचं लँडिंग यांच्यामध्ये एक मोठा बदल आहे. १९९० ला सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला, १९९२ ला परदेशातून येणाऱ्याला ड्युटी भरून पाच किलोपर्यंत सोनं आणायची परवानगी मिळाली. सोन्यातला फायदाच आटला. पण वाटा, होड्या, ओळखी आणि गप्प बसायची सवय ही तशीच राहिली, आणि ती वापरायला पुढे कोण आलं ते सगळ्यांना माहीत आहे. हे तुझ्या तिसऱ्या सीझनचं मटेरियल आहे, आता हात लावू नको.

काही बारीक गोष्टी. १९७८ ला तुझा फौजदार "रायगड जिल्हा" म्हणतो. तेव्हा कुलाबा जिल्हा होता, रायगड नाव १९८१ पासून. सिंधुदुर्गही तेव्हा वेगळा नव्हता, रत्नागिरीतच. कोकण रेल्वे तर नव्हतीच, ती पूर्ण झाली १९९८ ला, त्यामुळे तुझा शेटचा माणूस "गाडीने" आला म्हणजे नक्की कशाने ते लिही. फोन दोन ठिकाणी दाखव, पोस्टात आणि फार तर एखाद्या मोठ्या व्यापाऱ्याकडे, आणि ट्रंक कॉल (परगावचा फोन) म्हणजे पोस्टमास्तरच्या कानावरून जाणार, मग पोस्टमास्तर आपोआप महत्त्वाचं पात्र होतो. जून-जुलैत दर्या बंद, लँडिंगही बंद, सीझन नारळी पौर्णिमेनंतर. आणि शूटिंगला हर्णै घेतलंत तर मागे सुवर्णदुर्ग फ्रेममध्ये येणार, गाव श्रीवर्धनजवळचं सांगाल आणि मागे आमचा किल्ला, तालुक्यातला माणूस लगेच टीव्हीकडे बोट दाखवून हसेल.

माझी सूचना, गाव काल्पनिकच ठेव आणि ते बाणकोट खाडीवर ठेव. सावित्रीच्या एका काठाला एक जिल्हा, दुसऱ्या काठाला दुसरा. एका किनाऱ्यावरचा फौजदार पलीकडे काहीच करू शकत नाही, आणि मधे एक खाडी ओलांडून देणारी होडी चालवणारा म्हातारा रोज दोन्हीकडच्या खबरा इकडून तिकडे नेतोय. हद्दीचा हा खेळ तुला सगळ्या सीझनभर पुरेल.

पात्रांबद्दल एकच गोष्ट, पण ती ठामपणे. तुझ्या ड्राफ्टमध्ये माल आणणारे सगळे मुसलमान आणि पकडणारे सगळे हिंदू. हे खोटं आहे आणि नाट्य म्हणूनही कच्चं आहे. होडीवरचा खलाशी, पुळणीवरचा गडी, ट्रक चालवणारा, पैसे ठेवणारा, डोळेझाक करणारा, या साखळीत कोकणी मुसलमान होते तसे आपले भंडारी, खारवी, कोळी, कुणबी, बामणाच्या वाडीत माल लपवलेलाही असायचा. रात्रीच्या कामाला जो तंगीत होता तो जायचा. बोलीही तशीच ठेव, प्रत्येकाची वेगळी, पण पहिल्या एपिसोडमध्ये इतकी घट्ट नको की सबटायटल वाचण्यातच प्रेक्षक दमेल. आणि कृपा करून मुंबईच्या गँगवाल्यांची टपोरी भाषा १९७८ च्या खाडीवर आणू नको. गावात पोरं बापासमोर मान वर करून बोलत नव्हती तिथे "अपुन" कोण म्हणणार.

बायका. तुझ्याकडे एकच आहे आणि ती रडते. मजुरीचा एपिसोड करायचा तर हिशेब बायकांकडे असतो हे तुला माहीत नाही असं होणार नाही. जाकीट घालणाऱ्या पोराची आई मासे विकते, तिला वाटा, उधारी, व्याज सगळं तोंडपाठ. पोरगा पहाटे घरी आला, सदरा ओला, दोन्ही खांद्यांवर दोऱ्यांचे लाल वळ. ती विचारत नाही कुठे गेला होतास. ती गरम पाणी ठेवते आणि विचारते, कधी देणार म्हणाले? या एका वाक्यात ती सामील झाली. पुढे मजुरी अडकते तेव्हा शेटच्या माणसासमोर सगळ्यात आधी तोंड उघडणारी तीच असेल, असं मला वाटतं, कारण मासळी बाजारात उधारी वसूल करणाऱ्या बाईला पिशवीतल्या बंडलांची भीती वाटत नाही.

मजुरीचा आकडा किती ठेवायचा ते मला विचारू नको. गावातल्या म्हाताऱ्यांकडे जा, त्या काळी शेतावरची रोजची मजुरी किती होती ते विचार, ते सगळे सांगतील. रात्रीच्या कामाचं मात्र सरळ विचारलंस तर कोणी बोलणार नाही. तेव्हाच्या तांदळाचा भाव विचार, मग कौलं कोणाच्या घरावर कधी चढली ते विचार, मग आपोआप गाडी तिकडे येते. नावं लिहून घेऊ नको, रेकॉर्डिंग तर अजिबात नको.

शेवट कसा करायचा ते तू लिहिलं नाहीस, फक्त "धमाका" असा शब्द आहे. धमाका नको. फेब्रुवारीच्या अमावास्येला माल आत आलाय, गडी पाण्यात उतरलेत कारण नव्या माणसाने पैसे चुकते केले, आणि मोजताना एक जाकीट कमी भरतं. कोणी घेतलं ते दाखवू नको. भरती संपत आलीये, मचव्याला निघायचंय, आणि ज्याने काल सगळ्यांना मजुरी दिली त्याला आता पहिल्यांदा आपल्याच माणसांची झडती घ्यायची आहे. तो कोणाला आधी बोलावतो, तिथे कट कर.

आता काम सांगते. सगळा एपिसोड परत लिहायला बसू नको. आधी फक्त तीन सीन लिही: जाकिटाचा, पोस्टासमोर रेडिओ ऐकण्याचा, आणि ती मासळीवाली आणि शेटच्या माणसाचा. प्रत्येकी चार पानांच्या आत. प्रोड्युसरला धाड आणि गोळीबार हवाच असेल तर त्याला सांग चौथ्या भागात देतो, तोपर्यंत रात्रीच्या समुद्रातल्या शूटिंगचं बजेटही त्याला कळलेलं असेल, मेरीटाइम बोर्डाची परवानगी, लाइफगार्ड, बोटीवर जनरेटर, मग तो स्वतःच म्हणेल गोळीबार जमिनीवर घेऊ. खऱ्या माणसांची, खऱ्या घराण्यांची नावं कुठेही ठेवू नको, आडनाव सुद्धा तपास, आपल्याकडे आडनावावरून वाडी कळते आणि वाडीवरून घर. सीन झाले की पाठव, गणपतीत मी गावीच आहे, तेव्हा निवांत वाचून होतील.